उसन्या दातांची बखर

मराठी भाषेला दातांचे मोठे वेड. आपण कुणावर दात ओठ खातो, कुणावर दात धरून बसतो, कुणापुढे दाताच्या कण्या करतो, तर कधी दाती तृण धरून शरण जातो. दात आहेत तर चणे नाहीत, ही आपली दारिद्र्याची आणि वार्धक्याची एकत्रित व्याख्या. दात गेलेल्या तोंडाला 'बोळके' असा नेमका शब्द आपल्याकडे आहे आणि तो तान्ह्या बाळाला व आजोबांना सारख्याच मायेने लावता येतो. परंतु गेलेल्या दातांच्या जागी जे बसवले जातात, त्यांच्याबाबतीत ही बोलकी भाषा एकाएकी अबोल होते. 'कवळी' हा एवढाच काय तो शब्द; आणि साहित्यात ती दिसते ती बहुधा विनोदी कथेत, पेल्यातल्या पाण्यात बुडवून ठेवलेली.

या पेल्यातल्या वस्तूकडे साहित्याच्या अभ्यासकांनी जरा गंभीरपणे पाहावे, असे आम्हांला वाटते. दात हे खाण्याचे जसे साधन, तसे बोलण्याचेही. आणि ते उसने घ्यायचे म्हटले की कुणाकडून घ्यायचे, हा प्रश्न आलाच.

आपल्या परंपरेत तो फार जुना आहे. वेदांतील पूषन् हा देव दंतहीन. त्याला हवी म्हणून करंभ, म्हणजे पिठाची पेज, द्यावी लागते. पुढे पुराणांनी त्याच्या बोळक्याला एक कथा जोडून दिली. दक्षाच्या यज्ञसभेत शिवाची निंदा चालली असता हा दात काढून हसला, म्हणून यज्ञविध्वंसाच्या वेळी शिवगणांनी त्याचे दात पाडले. या दातांचे पुढे काय झाले, याची दोन उत्तरे आपल्या ग्रंथांत सापडतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, अश्विनीकुमारांची थोरवी सांगताना, पूषनाचे पडलेले दात त्यांनी बरे केले असा उल्लेख येतो. हे वैद्याचे उत्तर. भागवताच्या चौथ्या स्कंधात मात्र शिव प्रसन्न झाल्यावर निराळीच तोड काढतो: पूषनाने पीठ खावे, आणि चावायचेच झाले तर यजमानाच्या दातांनी चावावे. दुसऱ्याच्या दातांनी जेवण्याची याहून जुनी कल्पना आमच्या तरी वाचनात आलेली नाही. गंमत अशी की, मानवाच्या इतिहासातही पुढे हे दोन्ही मार्ग चालू राहिले. कारागिरीचा एक आणि परक्याच्या तोंडाचा दुसरा.

कारागिरीच्या मार्गावरची पहिली ठळक खूण इटलीत सापडते. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकांतील एट्रुस्कन थडग्यांमध्ये सोन्याच्या पातळ पट्ट्यांनी शेजारच्या दातांना जखडलेले दात मिळाले आहेत. रोमनांच्या बारा पट्टिकांच्या कायद्यात, जो इसवी सनापूर्वी 450 च्या सुमाराचा, प्रेताबरोबर सोने पुरण्यास बंदी आहे. पण मृताचे दात सोन्याने बांधलेले असल्यास ते सोने तसेच राहू द्यावे, अशी सवलत आहे. कायद्यात अपवाद तेव्हाच लिहिला जातो, जेव्हा प्रसंग वारंवार उद्भवतो. त्या एका ओळीने रोममधील सधन घरांचे दात आपल्याला दाखवले. कवींनी त्यावर आपली धार लावली. होरेसच्या एका उपहासिकेत चेटकीण पळता पळता तिचे दातच गळून पडतात, आणि मार्शल तर विकत घेतलेल्या दातांवरून बायकांना चिडवण्यात पटाईत. उसन्या दातांना साहित्यात जी हास्यास्पद जागा मिळाली, ती तेव्हापासूनची.

हिंदुस्थानातील एक उल्लेख मात्र हसण्यासारखा नाही. कनौजचा जयचंद 1194 साली चंदावर येथे मुहम्मद घोरीच्या सैन्याशी लढताना पडला. इब्न अल्-असीर हा अरब इतिहासकार जवळजवळ समकालीन, मृत्यू 1233 चा. तो सांगतो की राजाचे प्रेत ओळखता आले ते त्याच्या दातांवरून; मुळाशी दुबळे झालेले ते दात सोन्याच्या तारेने बांधलेले होते. मुंबईचे एके काळचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी 1841 साली हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, तेव्हा त्यात हेच दात 'खोटे दात' होऊन अवतरले. हिलणारे दात तारेने आवळणे आणि नसलेल्या जागी दुसरे बसवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पुढच्या पुस्तकांनी जयचंदाला सरळ कवळी बहाल केली. आधीच फितुरीचा कलंक माथी असलेल्या राजाच्या नावावर खोटे दातही सहज खपून गेले असावेत, अशी शंका आम्हांला येते. ग्रंथांतरात एखादा शब्द कसा सरकतो, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यास हे उदाहरण फार उपयोगी आहे.

पूर्वेकडे जपानने या कलेत युरोपला पुष्कळ मागे टाकले होते. वाकायामा प्रांतातील एक बौद्ध भिक्षुणी 1538 साली निवर्तली. तिची लाकडी कवळी आजही उपलब्ध आहे. एकाच लाकडातून कोरलेली, टाळूला घट्ट बसेल अशी. बुद्धमूर्ती घडवणाऱ्या हातांनी हे काम केले, असे मानले जाते. टाळूवर अचूक बसलेली वस्तू ओलाव्याने आणि हवेच्या दाबाने आपोआप धरून राहते, हे तत्त्व त्यांना गवसले होते. युरोपात त्यानंतर अडीचशे वर्षे वरची कवळी स्प्रिंगांनी ढकलून धरावी लागे. प्येर फोशार याने 1728 साली दंतवैद्यकाचा पाया घालणारा ग्रंथ लिहिला, त्यातही स्प्रिंगच आहे. जबडा सैल सोडला की तोंड आपोआप उघडणार. ते मिटून ठेवण्यासाठीच सतत जोर लावायचा!

जॉर्ज वॉशिंग्टन या अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाने हा जोर आयुष्यभर लावला. 30 एप्रिल 1789 रोजी त्याने शपथ घेतली, तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने त्याच्यासाठी पाणघोड्याच्या दातापासून कवळी घडवली आणि त्या एकुलत्या दातासाठी तिच्यात भोक ठेवले. वॉशिंग्टनची कवळी लाकडी होती, ही दंतकथाच आहे, या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. त्याच्या निरनिराळ्या कवळ्यांत हस्तिदंत होते, शिसे होते, जनावरांचे दात होते आणि माणसांचेही होते. 1796 साली गिल्बर्ट स्टुअर्टने काढलेले त्याचे चित्र पाहावे: ओठ फुगलेले, तोंड आवळलेले. एक डॉलरच्या नोटेवरचा चेहरा त्याच चित्रावरून आला. आपण ज्याला करारी मुद्रा समजतो, तिच्यात बराच भाग स्प्रिंगचा आहे.

माणसांचे दात कुठून आले? वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन येथील जमाखर्चाच्या वहीत मे 1784 मध्ये एक नोंद आहे. नऊ दातांसाठी 'नीग्रोंना' 6 पौंड 2 शिलिंग रोख दिले. निमित्त, ल मेयर नावाच्या फ्रेंच दंतवैद्याचे. हा वैद्य वर्तमानपत्रांतून जाहिराती देत असे आणि चांगल्या समोरच्या दातासाठी दोन गिनी देऊ करीत असे. वहीतला दर त्याच्या कितीतरी खाली. ते नऊ दात अखेर कोणाच्या तोंडात गेले, हे वहीत लिहिलेले नाही. नऊ जणांची, किंवा ज्यांचे कुणाचे ते होते त्यांची, नावेही नाहीत. ज्याचे शरीरच धन्याच्या मालकीचे, त्याला स्वतःच्या दाताची किंमत मिळाली याला विक्री म्हणायचे का, हा प्रश्न ती एक ओळ वाचणाऱ्याच्या मनात राहतो. भागवतात निदान यजमानाचे दात देवाच्या कामी आले होते. येथे दिशा उलटी झाली आहे.

त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन हंटर हा शल्यविशारद याच गोष्टीला शास्त्राचा आधार देत होता. त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला. तो नमुना अजून त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे. दात रुजतो, असा त्याचा ग्रह झाला, आणि 1770 नंतरच्या दशकांत श्रीमंतांच्या तोंडात गरिबांचे ताजे दात बसवण्याची लाटच आली. हे रोपण फार टिकत नसे. शरीर परका दात कालांतराने झिजवून टाकी आणि कधी कधी दाताबरोबर उपदंशासारखा रोगही येई. टॉमस रोलंडसनने 1787 साली यावर व्यंगचित्र काढले. धुराडी साफ करणाऱ्या काजळलेल्या पोराचा दात उपटला जातो आहे, शेजारी नटलेली बाई वाट पाहते आहे, आणि दारातून दात दिलेली मुले गाल धरून बाहेर पडत आहेत. हा अख्खा व्यवहार एका चौकटीत.

कादंबरीने तो उचलला तो व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मध्ये, 1862 साली. फाँतीन ही आधी केस विकते, मग समोरचे दोन दात. किंमत दोन नेपोलियन, म्हणजे चाळीस फ्रँक. मुलीच्या आजाराचे पत्र आलेले असते, आणि ते खोटे असते. वर्गात हा प्रसंग शिकवताना आपण करुणरसावर थांबतो. परंतु ह्यूगो हा हिशेबी लेखक आहे. कादंबरीच्या आरंभी फाँतीनचे सौंदर्य सांगताना तो तिच्या केसांची आणि दातांचीच तिचे धन म्हणून गणना करतो; म्हणजे पुढे काय विकले जाणार, याची यादी त्याने आधीच करून ठेवली आहे. आणि दात विकत घेणारा हा काही खलपुरुष नव्हे, तो गावोगाव हिंडणारा फेरीवाला दंतवैद्य. बाजार होता म्हणून तो होता. 18 जून 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तरण्या सैनिकांच्या प्रेतांतून दात उपटून विकले गेले. 'वॉटर्लूचे दात' हे नाव त्यावरून पडले. मेलेल्यांचे दात मुबलक झाल्यावर जिवंतांच्या दातांचा भाव काय राहिला असेल, याचा विचार केला तर फाँतीनचे चाळीस फ्रँक वेगळे दिसू लागतात.

या बाजारातून सुटका चिनी मातीने केली. पॅरिसजवळच्या दुशातो नावाच्या औषधविक्याला स्वतःच्या हस्तिदंती कवळीच्या दुर्गंधीचा उबग आला आणि 1774 च्या सुमारास त्याने चिनी मातीची कवळी भाजून पाहिली. द्युबोआ द शेमाँ याने ती सुधारली, क्रांतीच्या धामधुमीत तो इंग्लंडला गेला आणि तेथे त्याचा धंदा चालला. पुढे 1808 मध्ये फोंझी याने एकेक सुटा दात तयार केला. 1844 साली चार्ल्स गुडइयरच्या रबराला पेटंट मिळाले. त्यातून निघालेल्या कडक रबरात हे दात सहज बसवता येऊ लागले आणि कवळी प्रथमच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. इथेही पैशाचा मामला सुटला नाही. रबराच्या पेटंटवर बसलेली कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे वसूल करी आणि न देणाऱ्यांना कोर्टात खेची. तिचा खजिनदार जोसाया बेकन याला 13 एप्रिल 1879 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात सॅम्युएल चॅल्फंट या दंतवैद्याने गोळी घातली. कवळीपायी खून झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

भूल देण्याचा शोधही याच धंद्याच्या पोटातून निघाला. विल्यम मॉर्टन हा बॉस्टनचा दंतवैद्य. कवळी नीट बसावी म्हणून जुनी मुळे उपटणे भाग असे, पण त्या यातनेला गिऱ्हाईक तयार होईना. म्हणून तो ईथरकडे वळला. 16 ऑक्टोबर 1846 रोजी त्याने शस्त्रक्रियेसाठी ईथर देऊन दाखवले आणि वैद्यकाचा इतिहास पालटला. पुढच्या शतकात तर कवळीने मंत्रिपद खाल्ले. ब्रिटनमध्ये 1948 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत दात आणि चष्मे मोफत होते. वर्षानुवर्षे बोळक्यांनी जगलेले कामगार लोंढ्याने आले. 1951 साली सरकारने त्यांवर आकार बसवायचे ठरवले, तेव्हा या सेवेचा जनक अन्यूरिन बेवन याने राजीनामा दिला. दात हा हक्क की चैन, या प्रश्नावर मंत्रिमंडळ हलले.

आता बोलण्याकडे वळू, कारण आमच्या वाचकांचा खरा संबंध तेथे आहे. शिक्षाग्रंथांनी वर्णांची उच्चारस्थाने सांगताना त, थ, द, ध, न, ल, स यांना दंत्य म्हटले. मराठीत तर 'चाक', 'जाळे', 'झाड' यांतील दंततालव्य उच्चारांची आणखी भर. 'चाक' आणि 'चंद्र' यांतला च वेगळा, हे दात शाबूत असलेल्यालाच नीट ऐकवता येते. समोरचे दात गेले की 'स'मधून वारा सुटतो. कवळी आली की उलटे होते: टाळूवर परकी भिंत येते, जिभेला आपल्याच घरात वाट सापडत नाही. विन्स्टन चर्चिलचा 'स' जन्मजात बोबडा होता. त्याच्या कवळ्या मुद्दाम अशा घडवल्या की तो बोबडेपणा जसाच्या तसा राहावा, कारण युद्धकाळात रेडिओवर देशाला तोच आवाज ओळखीचा होता. कृत्रिम दातांकडून नैसर्गिक दोष जपण्याचे काम करून घेणे, ही करामत खरी. ज्या माणसाचा त्याला तिटकारा, ते गांधीजी, कवळी जेवणापुरतीच लावीत. छायाचित्रांत त्यांचे बोळके हसू उघडे आहे. स्टुअर्टने रंगवलेला मिटलेला वॉशिंग्टन आणि हे हसू शेजारी ठेवून पाहावे. राष्ट्रपित्यांच्या तोंडांवरून दोन राष्ट्रांच्या आत्मप्रतिमांवर कुणी प्रबंध लिहिला तर आम्ही तो आवडीने वाचू.

सिग्मंड फ्रॉइडचे दुःख याहून मोठे. 1923 साली त्याच्या तोंडातील कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, टाळूचा व जबड्याचा भाग काढला गेला. तोंड आणि नाक यांना वेगळे ठेवणारे एक अवजड कृत्रिम उपकरण पुढची सोळा वर्षे त्याला सोबत घेऊन वावरावे लागले. बोलणे कठीण झाले, ऐकणाऱ्याला ते नाकातून येई. 1930 च्या आपल्या संस्कृतिविषयक ग्रंथात मानवाला कृत्रिम अवयव लावलेला देव म्हणणारा, आणि हे अवयव त्याच्या शरीराशी अजून एकजीव झालेले नाहीत असे बजावणारा लेखक हाच. हा रूपकाचा विलास म्हणून वाचला जातो. लिहिणाऱ्याच्या तोंडात तेव्हा काय होते, हे ठाऊक असले म्हणजे ते रूपक राहत नाही.

एकजीव होण्याचाच प्रश्न शेवटी महत्त्वाचा ठरला. दात गेला की त्याला धरून असलेले हाड निरुपयोगी होऊन हळूहळू झिजते; गाल बसतात, हनुवटी नाकाकडे सरकते, आणि दरसाल कवळी आणखी सैल होते. हिरडीवर ठेवलेली कवळी या झिजेला थांबवू शकत नाही. त्यासाठी मूळच हवे. होंडुरासमधील उलुआ नदीच्या खोऱ्यात 1931 साली सापडलेल्या, सुमारे 600 सालच्या एका माया जबड्यात खालच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे ठोकलेले आहेत. ते प्रेताला बसवले असावेत असा समज होता. 1970 मध्ये क्ष-किरण चित्रांत त्यांच्याभोवती हाड वाढलेले आढळले. म्हणजे माणूस जिवंत होता, जेवतही असेल.

युरोप-अमेरिकेत सोने, प्लॅटिनम, कोबाल्टचे मिश्रधातू, सारे करून झाले. शरीर बहुधा परक्या धातूभोवती मऊ पेशींचे वेष्टन घाली आणि खुंटा डगमगू लागे. 1952 मध्ये स्वीडनच्या लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून हाडातील रक्ताभिसरण पाहत होता. प्रयोग संपल्यावर महागडी नळी काढू गेला, तर ती निघेना. हाडाने तिला धरले होते. दातांशी या प्रयोगाचा काहीही संबंध नव्हता. 1965 साली यॉस्टा लार्सन नावाच्या, जबड्यात जन्मजात दोष असलेल्या माणसाच्या खालच्या हाडात त्याने चार टायटॅनियमचे खुंटे रोवले. लार्सन 2006 मध्ये वारला तोवर ते खुंटे जागच्या जागी होते. स्वदेशातील दंतवैद्यांनी मात्र ब्रोनेमार्कची बरीच वर्षे उपेक्षा केली. हा शरीररचनेचा अभ्यासक, दातांत याचे काय काम? टोरंटो येथील 1982 च्या परिषदेनंतर जगाने त्याला मानले.

आज 'फुल माउथ इम्प्लांट' म्हणून जे केले जाते, त्यात बत्तीस खुंटे नसतात, हे अनेकांना ठाऊक नसते. पोर्तुगालच्या पाउलो मालो याने रूढ केलेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत एका जबड्याला चारच पुरतात. मागचे दोन तिरपे घालतात, म्हणजे वर गालफडाची पोकळी आणि खाली जबड्यातील नस चुकवता येते. त्यांवर दातांची अखंड कमान स्क्रूने आवळली जाते. टाळू मोकळी राहते, त्यामुळे चव आणि 'स' दोन्ही परत येतात. मधुमेह, धूम्रपान आणि अस्वच्छता यांनी हाड पुन्हा खचू शकते, तेव्हा हे दात चिरंजीव समजू नयेत.

आणि खर्च लाखांत. आपल्याकडे या धंद्याचे दोन मजले पहिल्यापासून आहेत. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने पदवीधरांची नोंद 'अ' भागात केली, तर आधीपासून हे काम करणाऱ्या बिनपदवीच्या मंडळींसाठी 'ब' भाग ठेवला. चिनी दंतवैद्यांच्या पाट्या मुंबई-कलकत्त्याच्या जुन्या वस्त्यांत कित्येकांनी पाहिल्या असतील. फुटपाथवर गोणपाट पसरून, डबीतल्या तयार दातांतून गिऱ्हाइकाच्या मापाचा दात निवडणारा कारागीरही आपल्या शहरांतून अजून पुरता हटलेला नाही. ह्यूगोच्या फेरीवाल्याचा तो दूरचा भाऊबंद. फरक इतकाच की तो दात घ्यायला नव्हे, द्यायला बसला आहे.

टायटॅनियम वितळते 1668 अंशांना. चितेचा किंवा विद्युतदाहिनीचा ताप तेथवर पोचत नाही. युरोपातील अनेक दाहगृहांत राखेतून असे धातू वेगळे काढून पुनर्वापराला पाठवले जातात. रोमनांनी दातांतल्या सोन्याबाबत एक ओळ लिहून ठेवली होती. आपल्याकडे अस्थिसंचयाच्या दिवशी राखेत हात घालणाऱ्याला आता अस्थींबरोबर चार-आठ करडे स्क्रू सापडतील, आणि ते कलशात टाकायचे की बाजूला ठेवायचे, हे त्याने गुरुजींना विचारल्यावर गुरुजी काय सांगतात, ते ऐकण्याची आम्हांला उत्सुकता आहे.